तोंड लपवू नका

(वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१-१३, निर्गम ३४:२९-३५)



नाताळची उपासना आटोपली, कोणाचा बाप्तिस्मा झाला, किंवा मंडळीत लग्न लागले, म्हणजे आशीर्वादानंतर कोणी तरुण पुढे होतो व म्हणतो, "चला, सगळ्यांचा एक फोटो काढू." ह्या शब्दांसरशी काय घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मुले पुढे धावतात. वडीलधारी माणसे खुर्च्या शोधतात. आणि काही जण हळूच मागे सरतात. कोणी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाते, कोणी उंच माणसाच्या आड उभे राहते, कोणी पदर पुढे ओढून घेते. एखाद्या आजीला हाक मारावी, तर ती म्हणते, "नगं रं लेकरा, माझं त्वांड का फोटूत काढण्याजोगं हाय?"

ही गोष्ट क्षुल्लक आहे, तिच्यावर उपदेश कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस ती क्षुल्लक वाटत नाही. जे माणूस घटकाभरापूर्वी प्रभूच्या मेजाजवळ निर्भयपणे आले, ते एका लहानशा यंत्रापुढे येण्यास लाजते, ह्याचा अर्थ काय? ह्याचा अर्थ असा की, आपला चेहरा पाहण्याजोगा नाही अशी त्याची कोणी तरी समजूत करून दिली आहे. ती समजूत कोठून आली, ती खरी की खोटी, आणि देवाचे वचन तिला काय उत्तर देते, ह्यांचा आज विचार करू.

प्रथम, छायाचित्र आपल्याविषयी काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, हे पाहू.

छायाचित्राची कला इ. स. १८३९ मध्ये फ्रान्स देशात जगापुढे जाहीर करण्यात आली, आणि १८५४ मध्ये मुंबईत ह्या कलेसाठी एक मंडळही स्थापन झाले. त्या आरंभीच्या काळात चित्र उमटण्यास वेळ लागे. माणसाला मुळीच न हलता बसावे लागे. मान स्थिर राहावी म्हणून मागून टेकूही लावीत. जुन्या तसबिरींतील आपले पूर्वज रागावल्यासारखे दिसतात, त्याचे हे एक कारण. ते सदैव कठोर होते असे नव्हे. इतका वेळ हसू धरून ठेवणे कोणालाच साधत नाही. ज्यांना आपण त्या चित्रांवरून तापट समजलो, ती माणसे घरी मुलांना खांद्यावर घेऊन नाचवीत असतील.

पुष्कळ काळ चित्र ही राजाची व श्रीमंताची गोष्ट होती. आपल्या माणदेशाच्या शेजारी औंध येथे टेकडीवर १९३८ साली बांधलेले संग्रहालय आहे. तेथे राजा रविवर्म्यासारख्या चित्रकारांच्या कृती आहेत. असे चित्रकार राजेरजवाड्यांना समोर बसवून सावकाश त्यांची चित्रे काढीत. मेंढक्याचे किंवा रोजगाऱ्याचे चित्र कोण काढणार? पुढे काळ पालटला. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारांस छायाचित्राची ओळखपत्रे देण्याचे ठरविले, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या खेड्यात देशातील पहिली आधार-पत्रे देण्यात आली. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाची तसबीर निघाली नव्हती, त्यांचीही तसबीर सरकारदरबारी गेली. पण ती कशी निघाली? लांब रांग, डोक्यावरचा दिवा, "हलू नका" असा हुकूम, आणि क्षणात दुसऱ्याची पाळी. ते कार्ड पाहून आज खेड्यापाड्यांत सर्वच जण हसतात. परंतु कित्येकांनी ते हसण्यावारी नेले नाही. "मी असाच दिसतो" असे त्यांनी मनात घेतले.

बंधुजनहो, हा साक्षीदार अपुरा आहे, हे समजून घ्या. आपण आपले तोंड आरशात पाहतो, आणि आरसा डाव्याचे उजवे करून दाखवितो. छायाचित्र तसे करीत नाही, म्हणून आपलेच तोंड आपल्याला परके वाटते. अमेरिकेत १९७७ साली काही संशोधकांनी ह्याची परीक्षा केली. त्यांनी माणसांना स्वतःची दोन चित्रे दाखविली, एक आरशातल्यासारखे उलटे व एक सरळ. बहुतेकांना आरशातले चित्र आवडले. पण त्यांच्या मित्रांना सरळ असलेले, म्हणजे नित्य समोर दिसणाऱ्या मुखाचे, चित्र अधिक आवडले. ह्यात केवढी शिकवण आहे! जे मुख तुम्हांला नकोसे वाटते, तेच तुमच्या माणसांना गोड लागते, कारण ते त्यांच्या ओळखीचे असते.

मोबाईलचीही एक खोड आहे. तो तोंडाजवळ धरला, म्हणजे जे पुढे आहे ते मोठे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात दाखविले आहे की, सुमारे एक फुटावरून घेतलेल्या चित्रात नाक वास्तविक आहे त्याहून सुमारे ३० टक्के रुंद दिसते. हाताच्या अंतरावरून स्वतःचे चित्र काढून "माझे नाक असे का?" म्हणून रडणाऱ्या मुलीला हे सांगावे.

आणि सावळ्या माणसांचे एक विशेष गाऱ्हाणे आहे, ते खरे आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ वर्षे रंगीत चित्रे छापणारे कारागीर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र समोर ठेवून त्याच्या मानाने रंग जुळवीत. गोरे अंग ठीक उमटले, म्हणजे काम ठीक झाले, असा प्रघात होता. सावळ्या माणसाच्या मुखावरील छटा त्यात बुडून जात, आणि डोळे व दात तेवढे दिसत. दोष मापाचा होता. माणसाच्या माथी मात्र तो मारला गेला. उन्हात राबणाऱ्या आमच्या लोकांनी ती चित्रे पाहिली, आणि आपल्या रंगाची लाज धरली.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. देव कसा पाहतो?

शमुवेल संदेष्टा बेथलेहेमास इशायाच्या घरी गेला, तेव्हा इशायाने आपले पुत्र एकामागून एक त्याच्यापुढे उभे केले. थोरला अलियाब उंच व देखणा होता. त्याला पाहताच शमुवेलासारखा देवाचा मनुष्यही फसला. तेव्हा परमेश्वराने त्याला बजावले की, मनुष्य बाहेरचे रूप पाहून निवाडा करतो, परंतु देवाची दृष्टी अंतःकरणावर असते. सात पुत्र झाले, आणि निवडलेला त्यांत नव्हता. तो कोठे होता? तो मेंढरांमागे होता. घरात सगळ्यांची रांग लागली, आणि त्याला बोलवावे असे बापालाही सुचले नाही!

माणच्या रहिवाशांनो, ही कथा तुम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दहिवडी, म्हसवड, मार्डी, कुकुडवाड ह्या भागांत मेंढरांमागे चालणे काय असते ते तुम्ही जाणता. पाऊस थोडा, माणगंगेचे पात्र वर्षातील बहुत दिवस कोरडे, आणि कळप घेऊन दूरदेशी जावयाचे. जो कळपामागे गेला, तो घरच्या समारंभाच्या चित्रात नसतो. पण शमुवेलाने काय केले ते पाहा. तो मुलगा येईपर्यंत आम्ही बसणार नाही, असे त्याने सांगितले. देवाचा सेवक एका राहून गेलेल्या मेंढक्यासाठी सर्वांना थांबवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चारही शुभवर्तमाने वाचून पाहा : आपला प्रभू उंच होता की ठेंगणा, सावळा होता की गोरा, त्याचे नाकडोळे कसे होते, ह्याविषयी त्यांत एक अक्षर नाही. यशयाने ज्या दुःखी सेवकाचे वर्णन केले (यशया ५३), व ज्याच्या ठायी मंडळीने आपल्या तारणाऱ्याला ओळखले, त्याच्याविषयी तर असे म्हटले आहे की, लोकांचे मन ओढावे असे रूप त्याला नव्हते. प्रभू कसा दिसत होता हे शुभवर्तमानकारांनी लिहिले नाही. तो कसा पाहत होता हे मात्र त्यांनी लिहिले. त्या धनवान मनुष्याकडे त्याने पाहिले, आणि त्याच्यावर प्रीती केली (मार्क १०:२१). पेत्राने त्याला नाकारले, तेव्हा त्याने वळून पेत्राकडे पाहिले, आणि पेत्र बाहेर जाऊन रडला (लूक २२:६१-६२). रूप विसरले गेले. ती दृष्टी जगाच्या अंतापर्यंत राहिली.

आता मोशेकडे पाहू. तो सीनाय पर्वतावरून उतरला, तेव्हा त्याच्या मुखाला तेज चढले होते, आणि शास्त्र म्हणते की त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हते. हे लहानसे वाक्य मनात साठवून ठेवा. मोशे आरसा घेऊन डोंगरावर गेला नव्हता. तो देवाशी बोलत होता. ज्याच्याशी तो बोलत होता, त्याचा प्रकाश त्याच्या तोंडावर पडला. स्वतःकडे पाहणारे मुख आकसते. प्रीती करणाऱ्याकडे पाहणारे मुख उजळते. हाच आज आमचा सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे, आणि तो छायाचित्रालाही जसाच्या तसा लागू आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावली. तिने अंतिम फेरी गाठली, आणि १५ ऑगस्ट रोजी त्या फेरीत जगातील धावपटूंमध्ये तिचा दहावा क्रमांक आला. धावतानाची तिची छायाचित्रे पाहा. तेथे तोंड सजविलेले नाही, केसांकडे लक्ष नाही. दृष्टी पुढच्या अडथळ्यावर आहे. त्या चित्राला कोणी कुरूप म्हणेल काय? सारा माणदेश ते चित्र पाहून ताठ उभा राहिला. तिचे लक्ष आपण कशा दिसतो ह्याकडे नव्हते. म्हणूनच ते चित्र पाहण्याजोगे झाले.

आणि रंगाची लाज धरणाऱ्या भगिनींनो, गीतरत्नातील त्या कन्येला विसरू नका (गीतरत्न १:५-६). ती सावळी होती, आणि सुंदर होती. दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगते. उन्हाने तिचा वर्ण पालटला, कारण भावांनी तिला द्राक्षमळ्यांची राखण करावयास लाविले. तुमचीही तीच कथा आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्या मातांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, त्यांच्या तोंडावर ऊन लिहिले गेले. ज्या आजही ऊस तोडावयास परगावी जातात, त्यांच्याही तोंडावर ते लिहिले जाते. ते लेकरांना भाकरी मिळावी म्हणून लिहिले गेले. ते पुसून टाकण्याजोगे लिखाण नव्हे.

आमच्या मंडळीतील एक थोर लेखिका, लक्ष्मीबाई टिळक, ह्यांनी आपल्या आयुष्याचे जे पुस्तक लिहिले, त्याला 'स्मृतिचित्रे' हे नाव आहे. ते १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत निघाले. त्यांनी आपले चित्र काढताना आपले वेडेपण, आपला हट्ट, आपल्या फजित्या, काहीच झाकले नाही. उलट स्वतःला मनसोक्त हसून घेतले. म्हणून ते चित्र इतकी वर्षे लोकांना प्रिय आहे. ज्याला आपली कोणी तरी किंमत दिली आहे हे ठाऊक असते, त्याला स्वतःवर हसता येते.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे आपण काय करावे. ह्या बाबतीत आम्ही विशेषेकरून उपदेशक, बायबलबाया व तरुण संघाचे पुढारी ह्यांच्याशी बोलतो, कारण बहुधा मोबाईल तुमच्याच हाती असतो.

पहिले कर्तव्य, उजेडाचा विचार करा. भर दुपारी लोकांना अंगणात उभे करू नका. डोळे मिटतात आणि डोळ्यांखाली सावली पडते. सकाळचे अथवा कलते ऊन घ्या, नाही तर ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभे करा. दार वा खिडकी पाठीमागे ठेवू नका. सावळ्या मुखामागे पांढरी शुभ्र भिंत असली, तर यंत्र भिंतीच्या उजेडाला भुलते आणि मुख काळवंडते. अशा वेळी पडद्यावर मुखाच्या ठिकाणी बोट लावा, म्हणजे ते मुखाच्या मानाने उजेड घेते. एकट्याचे चित्र असेल तर पाचसहा फूट दूर राहा, आणि यंत्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. समुदाय असेल तर आणखी मागे जा, कारण कडेला उभ्या असलेल्यांची तोंडे ताणली जातात. एकच चित्र घेऊन थांबू नका. "हसा, हसा" असे ओरडू नका. आजीला तिच्या नातवाविषयी विचारा, आणि ती उत्तर देऊ लागली म्हणजे चित्र घ्या. ती यंत्राकडे पाहणार नाही, नातवाकडे पाहील. मग ते चित्र घरात लावण्याजोगे होईल.

दुसरे कर्तव्य, पक्षपात करू नका. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशा मंडळीला दोष दिला आहे, जी सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देते आणि गरिबाला पायाशी बसविते. मिशनच्या जुन्या समूहचित्रांत खुर्च्यांवर कोण बसले आहे व जमिनीवर कोण, हे एकदा निरखून पाहा. आणि मग आपले मागच्या नाताळचे चित्र काढून तेही निरखा. खुर्ची म्हाताऱ्यांना व आजाऱ्यांना द्या. जो मेंढरांमागे गेला आहे किंवा चुलीपाशी सर्वांसाठी स्वयंपाक करीत आहे, त्याला बोलावून आणा. शमुवेल थांबला, तुम्हीही थांबा. त्याचप्रमाणे दुष्काळात अथवा आजारात कोणाचे चित्र घ्यावयाचे असेल, तर आधी त्याची परवानगी विचारा. मदत मिळावी म्हणून माणसाचे दैन्य त्याच्या नकळत जगाला दाखविणे ही प्रीती नव्हे.

तिसरे कर्तव्य, खोटी साक्ष देऊ नका. हे आम्ही जड अंतःकरणाने लिहितो. विवाहाची बोलणी चालली असता मुलीचे चित्र गोरे करून पाठविण्याची चाल आपल्याही लोकांत शिरली आहे. हल्ली तर कित्येक यंत्रे न सांगताच कांती उजळ व गुळगुळीत करितात. ज्या मलमाच्या नावातच गोरेपणा होता, ते १९७५ पासून ह्या देशात विकले गेले. २०२० मध्ये त्याचे नाव बदलले, पण मनातला विचार बदलला काय? आईबापांनो, ते उजळ केलेले चित्र पाहून मुलगी काय समजते, ह्याचा विचार करा. ती समजते की, माझ्या आईबापांना माझी लाज वाटते. आणि वराकडील माणसे घरी आली म्हणजे काय होते? खरे मुख खोट्या मुखापुढे उणे ठरते, आणि ज्या दिवशी तिचा सन्मान व्हावा, त्याच दिवशी तिची तोलणी होते. तुमच्या लेकीचे खरे चित्र, चांगल्या उजेडात, तिच्या आवडीच्या माणसाशी बोलताना घेतलेले, असे पाठवा. ज्याला ते पसंत नाही, तो तुमच्या लेकीला योग्य नाही. आणि पाळकांनो, मुलासाठी मुलगी पाहताना आपण स्वतः प्रथम वर्ण विचारतो की विश्वास, ह्याचा झाडा आपल्याला प्रभूपुढे द्यावा लागेल.

येथे एक शंका निघेल. नीटनेटके राहणे, केस विंचरणे, चांगला पोशाख करणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. देवाने शेतातील फुलांना पोशाख घातला आहे, आणि त्याला कुरूपतेची आवड नाही. सण आला म्हणजे आपण घर सारवतो, ते घराची लाज वाटते म्हणून नव्हे, तर पाहुणा यावयाचा असतो म्हणून. तसेच मुखाचे जाणा. धुतलेले मुख व स्वच्छ वस्त्र ही कृतज्ञता होय. दुसऱ्याचे मुख उसने घेणे ही मात्र कृतघ्नता होय.

शेवटी, प्रभूला दाखविलेले नाणे आठवा (मत्तय २२). त्याने विचारले की, ह्यावर कोणाचा मुखवटा आहे? कैसराचा होता, म्हणून ते नाणे कैसराचे. तर मग, ज्याला देवाने आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, तो मनुष्य कोणाचा? नाणे हातोहात फिरून झिजते, त्यावर माती बसते, तथापि त्याचा मालक बदलत नाही. हे आजी, तुझ्या सुरकुत्यांखाली तो ठसा आहे. हे मुली, तुझ्या सावळ्या मुखावर तो ठसा आहे. जो दररोज आपले मुख तुमच्याकडे वळवितो व त्याचा प्रकाश तुमच्यावर पाडतो, त्याच्यापासून तुम्ही तोंड लपविले नाही; मग एका लहानशा काचेपासून कशाला लपविता?

पुढच्या वेळी मंडळीत कोणी म्हणेल, "चला, फोटो काढू," तेव्हा मागे सरू नका. शेजारी कोणी मागे सरत असेल, तर त्याचा हात धरा व त्याला आपल्याजवळ उभे करा. मान वर करा. ज्याच्यावर तुमची प्रीती आहे त्याच्याकडे पाहा.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आमची मुखे घडविली आणि ती तुला प्रिय आहेत. लोकांनी आमच्याविषयी जे हलके शब्द बोलले, ते आमच्या मनातून काढून टाक. आम्ही दुसऱ्यांकडे ज्या दृष्टीने पाहतो, ती दृष्टी तुझ्या पुत्राच्या दृष्टीसारखी कर. जे रानात, उसाच्या फडात व परमुलखात आहेत, आणि आमच्या चित्रांत नाहीत, त्यांना तू विसरत नाहीस. आम्हांसही विसरू देऊ नको. तुझ्याकडे पाहता पाहता आमची मुखे उजळोत, आणि ते आम्हांला ठाऊकही नसो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.